कॉलवर सगळे गप्प, आणि वरून हुकूम आला: कॅमेरे चालू करा

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत पत्रलेखिका टीम लीड आहेत. त्यांच्यासह टीम अकरा जणांची. चौघं पुण्यात, बाकीचे कोल्हापूर, सातारा, नाशिक, नांदेड इथे आपापल्या घरून काम करतात आणि एक सहकारी कोइंबतूरला आहे. क्लायंट न्यू जर्सीचा. रोज सकाळी ११ वाजता स्टँडअप, म्हणजे कुणाचं काम कुठवर आलं ते सांगण्याचा टीमचा कॉल असतो. तो ठरलाय अर्ध्या तासाचा, चालतो ५० मिनिटं. संध्याकाळी ७ वाजता क्लायंटबरोबर कॉल असतो आणि त्यात या बाई व दोन सीनियर असतात. बाई म्हणतात, त्या रोज दहा तास कॉलवर असतात. स्टँडअपला सगळ्यांचे कॅमेरे बंद. "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हटलं की शांतता. सहामाही सर्व्हेत टीमच्या समाधानाचा आकडा ५ पैकी ४.१ वरून ३.४ वर घसरला. त्यानंतर नांदेडच्या सहकाऱ्याने राजीनामा दिला, तो सध्या नोटीस पीरियडवर आहे. फॉर्मवर कारण लिहिलं 'बेटर ऑपॉर्च्युनिटी', पण त्याआधी एकदा तो बोलून गेला होता, "मी काय करतो ते कुणाला ठाऊकच नसतं." मॅनेजरनी तीन उपाय सुचवलेत: कॅमेरा सक्तीचा, संध्याकाळी आणखी एक सिंक कॉल (सगळ्यांच्या कामाचा ताळमेळ घालण्यासाठी) आणि दर शुक्रवारी ऑनलाइन खेळ. सगळ्यांना पुण्यात बोलावून घ्यावं असंही घाटतंय. बाई विचारतात, "टीमला बोलतं कसं करू? की माझ्यातच काही कमी आहे?"

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या. तुमच्यात काही कमी आहे का, हे एका पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या स्टँडअपमध्ये काय कमी आहे, ते मात्र पत्रातच आहे. अकरा माणसं, रोज ५० मिनिटं. दिवसाला ५५० मिनिटं, आठवड्याला जवळजवळ ४६ तास. एका माणसाच्या आठवडाभराच्या कामापेक्षा जास्त वेळ तुमची टीम या एका कॉलवर खर्च करते. त्यात प्रत्येकाला बोलायला चारेक मिनिटं मिळतात आणि उरलेली ४५ मिनिटं दुसऱ्यांचं ऐकण्यात जातात. ते दुसरे तरी कुणाशी बोलत असतात? तुमच्याशी. नाशिकहून काल कोणतं तिकीट, म्हणजे नोंदवलेलं काम, बंद झालं हे कळून साताऱ्याच्या सहकाऱ्याने पुढे काय करायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकामागोमाग एक असे दहा खासगी संवाद चालतात आणि बाकीच्यांना ते ऐकण्याची सक्ती असते. अशा वेळी माणूस कॅमेरा बंद करून दुसऱ्या खिडकीत आपलं काम उघडतो. याला कामचुकारपणा म्हणायचं की कामाची आच, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून 'टीम गप्प आहे, म्हणजे टीमचा जीव कामात नाही' हे तुमच्या पत्रामागचं गृहीतक आधी बाजूला ठेवावं असं मला वाटतं. गप्प राहण्याचं एक साधं तांत्रिक कारणही आहे. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाचं अंतर असतं. जगातल्या वेगवेगळ्या भाषांत हे अंतर मोजलं गेलंय आणि ते सगळीकडे याच्या आसपासच भरतं. ऑनलाइन कॉलमध्ये इंटरनेटचा विलंब या अंतरात भर घालतो, ब्लूटूथ हेडफोन थोडी आणखी भर घालतो आणि अनम्यूटचं बटण शोधण्यात उरलीसुरली संधी जाते. दोघं एकदम सुरू होतात, दोघंही थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला". या खेळात नेहमी नवा आणि ज्युनियर माणूसच माघार घेतो. तीन-चार वेळा असं झालं की तो प्रयत्नच सोडून देतो. "कुणाला काही विचारायचंय?" हा प्रश्न कॉन्फरन्स रूममध्ये चालून जातो, कारण तिथे कुणाचे ओठ हलले ते दिसतं. कॉलवर तो हवेत विरतो.

त्याऐवजी दोन गोष्टी करून बघा. चर्चेचा मुद्दा आला की आधी दोन मिनिटं सगळ्यांनी एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये आपापलं मत एका ओळीत लिहायचं. त्या दोन मिनिटांत कुणी बोलायचं नाही, तुम्हीही नाही. मग नाव घेऊन, ज्युनियरपासून सुरुवात करून, "तुम्ही हे लिहिलंय, जरा उलगडून सांगाल?" असं विचारायचं. लिहिलेलं डोळ्यांसमोर असल्यामुळे बोलणाऱ्याला धीर येतो. सीनियर आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात, म्हणून क्रम उलटा. फक्त मुद्दा न देता अचानक नाव घेऊ नका. ती परीक्षा होते आणि दुसऱ्या दिवसापासून लोक नेटवर्क गेल्याची कारणं देऊ लागतात.

आता कॅमेऱ्याचं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवड्यांचा एक प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणी पहिले दोन आठवडे कॅमेरा चालू ठेवायचा आणि कुणी नंतरचे दोन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कॅमेरा चालू असलेल्या दिवशी थकवा जास्त आढळला आणि थकलेली माणसं कॉलमध्ये कमी बोलली, कमी गुंतली. हा परिणाम स्त्रियांवर आणि नव्याने रुजू झालेल्यांवर अधिक होता. म्हणजे तुम्हाला ज्यांना बोलतं करायचंय, सक्तीमुळे बहुधा तेच आणखी गप्प होतील. त्यात आपली घरं. दोन खोल्यांच्या घरात मागे सासूबाई भाजी निवडत बसल्यात, किंवा शाळेतून आलेलं पोर दप्तर फेकतंय, अशा ठिकाणी कॅमेरा लावायचा म्हणजे सगळ्या कुटुंबालाच कामावर लावणं. पार्श्वभूमी धूसर केली तरी घरातल्यांचं दबकून वावरणं थांबत नाही.

कॅमेरा कायमचा बंदच असावा असंही माझं म्हणणं नाही. नवा माणूस आला की पहिले दोन-तीन आठवडे त्याच्याशी बोलताना, महिन्यातून एकदा होणाऱ्या रेट्रोला (झालेल्या कामाच्या उजळणीला) आणि दोघांमध्ये काही अवघड विषय असेल तेव्हा चेहरा दिसण्याचा खरा उपयोग होतो. तेव्हा विनंती करा, तुम्ही स्वतः चालू ठेवा आणि कुणी नाही म्हटलं तर कारण विचारू नका. स्वतःची प्रतिमा लपवण्याची सोय बहुतेक ॲप्समध्ये असते, तीही सगळ्यांना दाखवून द्या. तासभर आरशासमोर बसून बोलायला कुणाला आवडेल? मॅनेजरना सांगायचंच असेल तर एवढं सांगा की कॅमेरा हजेरीसाठी वापरला की त्याचा संवादासाठीचा उपयोग संपतो.

पण कॅमेरा आणि गप्पपणा ही वरवरची लक्षणं आहेत. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य नांदेडच्या सहकाऱ्याचं आहे. त्याचं काम कुणाला ठाऊक का नसतं? तुमच्या टीममध्ये माहिती कुठून कुठे जाते ते पाहा. क्लायंटचा निर्णय संध्याकाळी ७ च्या कॉलमध्ये होतो. तिथे तिघं असतात. उरलेल्या आठ जणांना तो दुसऱ्या दिवशी ११ वाजता, तोही तुम्हाला आठवेल तितका, कळतो. मधल्या काळात कुणी सकाळी साडेनऊला बसून जुन्या निर्णयाप्रमाणे दीड तास काम केलं असेल तर ते पाण्यात. आणि त्याचं काम क्लायंटसमोर मांडतं कोण? तुम्ही किंवा सीनियर. काम त्याचं, तोंड दुसऱ्याचं. माणसाला हे महिनोन्‌महिने सोसत नाही.

एक छोटी चाचणी करा. कालच्या दिवसाचे तुमचे चॅट उघडा आणि कामाबद्दलचे किती संदेश खासगी होते आणि किती टीमच्या चॅनेलवर, ते मोजा. बहुतेक टीम लीडचं पारडं खासगीकडे झुकलेलं असतं. अडलं की प्रत्येक जण तुम्हालाच खासगीत विचारतो, तुम्ही तिथेच उत्तर देता आणि तोच प्रश्न तीन दिवसांनी दुसरा कुणी विचारतो. तुम्ही रोज दहा तास कॉलवर असता असं लिहिलंय, त्याचं निम्मं कारण इथे असावं. सगळ्या तारा तुमच्यातून जातात, आणि दुरून काम करणाऱ्याला एकाकी वाटतं ते यामुळे. सोबत चहा पिणारं कुणी नाही याचं दुःख असतंच, पण आपल्याला वगळून काहीतरी ठरतंय ही भावना जास्त बोचते.

तेव्हा पहिलं काम क्लायंट कॉलच्या नोंदीचं. कॉल संपल्यावर अर्ध्या तासात टीमच्या चॅनेलवर पाच ओळी पडल्या पाहिजेत: काय ठरलं, का ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि कुणाला हरकत असेल तर उद्या किती वाजेपर्यंत सांगायची. 'का' ही ओळ लोक हमखास गाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात उपयोगी असते. कारण कळलं की नाशिकचा माणूस आपल्या कामातले चार छोटे निर्णय तुम्हाला न विचारता घेऊ शकतो. ही नोंद पानभर लांबली तर कुणी वाचत नाही, म्हणून पाचच ओळी. महिनाभराच्या नोंदी एकाच डॉक्युमेंटमध्ये तारखेप्रमाणे खाली उतरवत जा. चॅटमध्ये शोधत बसणं हे कुणाच्या आयुष्याचं ध्येय नसतं.

लिहिण्याची पाळी फिरती ठेवा, पण ती तुमच्या दोन सीनियरांपुरती नको. इथे दुसरा बदल येतो. क्लायंट कॉलला कायम तेच तिघं बसण्याऐवजी तुम्ही, एक सीनियर आणि त्या दिवशी ज्याच्या कामाची चर्चा आहे तो, असे बसा. त्याचं काम त्याला स्वतःला मांडू द्या, मग ते तीन मिनिटांचं का असेना. इंग्रजी बोलण्याची धास्ती असेल तर आदल्या दिवशी दहा मिनिटं सराव करून घ्या. तो अडखळला तर मध्ये पडू नका, सेकंद-दोन सेकंद थांबा. क्लायंटला एखादं नाव आवाजासकट ठाऊक झालं की त्या माणसाचं टीममधलं वजन आपोआप बदलतं.

सकाळच्या स्टँडअपचं मी असं करेन: साडेदहापर्यंत प्रत्येकाने चॅनेलवर तीन ओळी लिहायच्या. काल काय संपलं, आज काय करणार, आणि काय अडलंय व कुणाकडून काय हवंय. कॉल फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, २५ मिनिटांचा, आणि त्यात फक्त अडलेल्याच गोष्टी. काही अडलं नसेल तर कॉल रद्द. हे करणाऱ्या बऱ्याच टीम महिन्याभरात परत जुन्या वळणावर जातात, आणि त्याचं कारण ठरलेलं असतं. तिसऱ्या ओळीला कुणी उत्तर देत नाही. "एपीआयची परवानगी मिळालेली नाही" असं एखाद्याने सोमवारी लिहिलं, मंगळवारी लिहिलं, बुधवारी त्याला कळतं की हे कुणी वाचतच नाही. मग तो "नथिंग ब्लॉक्ड" लिहायला लागतो आणि तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत आहे. म्हणून नियम असा करा की 'अडलंय' या ओळीला तासाभरात कुणीतरी उत्तर द्यायचंच. उपाय नसला तरी "बघतो, १ वाजेपर्यंत सांगतो" एवढं तरी.

खासगी प्रश्न चॅनेलवर आणायला वेळ लागेल. कुणी खासगीत विचारलं की "हे चॅनेलवर टाकता का, तिथे उत्तर देते, सगळ्यांना उपयोग होईल" असं म्हणा आणि खरोखरच तिथे लगेच उत्तर द्या. लोक खासगीत का विचारतात? आपलं अज्ञान दहा जणांसमोर येऊ नये म्हणून. यावर एकच उतारा आहे, तुम्ही आणि सीनियरांनी स्वतःचे बाळबोध प्रश्न आधी चॅनेलवर विचारायचे. एखाद्या प्रश्नावर कुणी "हे तर डॉक्युमेंटमध्ये आहे" असं तुटकपणे उत्तरलं, तर त्या उत्तरणाऱ्याशी मात्र खासगीत बोला. आणि एक सूचना कोइंबतूरच्या सहकाऱ्यासाठी. चॅनेलवर मराठीत गप्पा रंगल्या की बाकीच्यांना घरचं वाटतं, पण त्याला तिथे आपण पाहुणे आहोत हे रोज नव्याने कळतं. कामाचं सगळं इंग्रजीत असू द्या. मराठी गमतीजमतींसाठी वेगळा ग्रुप असायला हरकत नाही, फक्त त्यात कामाचं काहीही ठरता कामा नये.

व्हॉट्सॲपचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या टीमचा कामाचा ग्रुप असेलच. असेल तर बंद करा, किंवा फक्त 'प्रॉडक्शन बंद पडलंय' अशा प्रसंगापुरता ठेवा. त्याच फोनवर भाचीच्या बारशाचे फोटो येतात आणि त्यांच्या मधोमध "प्लीज चेक" येतं. कोणत्या मार्गाला किती घाई, हे लेखी ठरवून टाका. फोन म्हणजे आत्ताच्या आत्ता. चॅट म्हणजे दोन-तीन तासांत. तिकीट किंवा मेल म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत. हे ठरलेलं नसलं की प्रत्येक पिंग तातडीचा वाटतो आणि हिरवा ठिपका विझू नये म्हणून लोक जेवताना लॅपटॉप शेजारी घेऊन बसतात. तुम्हाला रात्री साडेदहाला काही आठवलं तर लिहा खुशाल, पण संदेश सकाळी ९:३० ला जाईल असा वेळ लावून ठेवा. स्लॅक, टीम्स, जीमेल तिन्हींमध्ये ती सोय आहे. "उद्या बघितलं तरी चालेल" असं रात्री लिहिण्याचा उपयोग नाही. लीडचा संदेश आहे, वाचला जातोच.

आता वेळेचं. तुमच्या सर्व्हेतला आकडा का घसरला याचं एक उत्तर कदाचित घड्याळात सापडेल. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासाने पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचा सकाळी ९:३० चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७ ला येतो आणि हिवाळ्यात तोच रात्री ८ ला. त्यांच्या कॅलेंडरवर काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे ते विचारतही नाहीत. आपल्याकडे मात्र त्या एका तासात मुलांचं जेवण, आईवडिलांच्या गोळ्या, दिवसभरातलं घरातलं एकमेव निवांत बोलणं, सगळं येतं. सर्व्हे कोणत्या महिन्यात झाला ते तपासा. ऑक्टोबर अर्धा गेला की क्लायंटला विचारा, "नोव्हेंबर ते मार्च हा कॉल तुमच्या ८:३० ला घेता येईल का?" बरेच क्लायंट हो म्हणतात. फक्त विचारायला हवं. नाही म्हणाले तर संध्याकाळच्या कॉलला बसणाऱ्याचा दिवस दुपारी १२ ला सुरू होईल, हे कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल असं लावा. 'आम्ही फ्लेक्सिबल आहोत' असं तोंडी सांगून भागत नाही. सकाळी ११ आणि रात्री ८ असे दोन्ही कॉल एकाच माणसाच्या वाट्याला आले की त्याचा अख्खा दिवस कंपनीचा होतो, काम सहाच तासांचं असलं तरी.

सर्व्हेबद्दल थोडं. दहा जणांनी फॉर्म भरला असं धरलं, तर ४.१ वरून ३.४ म्हणजे एकूण सात गुण कमी झाले. तिघांनी ४ ऐवजी २ दिले आणि चौथ्याने एक गुण कमी केला की हिशेब जुळतो. म्हणजे सहा जण जसे होते तसेच असू शकतात आणि तिघं मनापासून वैतागलेले. सरासरीला औषध देता येत नाही. शिवाय एवढ्या छोट्या टीममध्ये निनावी असं काही नसतं, लोकांना ते ठाऊक असतं आणि ते तसंच भरतात. गॅलप या सर्वेक्षण कंपनीची १२ प्रश्नांची जी यादी जगभर वापरली जाते, तिची सुरुवात 'तुम्ही खूश आहात का' अशी होत नाही. पहिला मुद्दा आहे, कामावर माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला माहीत आहे का. दुसरा, काम नीट करायला लागणारी साधनसामग्री माझ्याकडे आहे का. या दोन्हींची उत्तरं तुम्हाला सर्व्हेशिवाय, थेट विचारून मिळतील.

त्यासाठी प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास वेगळं बोला. वेळ कुठून आणू, असं म्हणाल. सध्या तुमची आठवड्याला २५० मिनिटं स्टँडअपमध्ये जातात, ती ५० वर येतील. दहा जणांचे अर्धे तास दोन आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १५० मिनिटं. तरी ५० मिनिटं उरली. हा कॉल कामाचा हिशेब घेण्यासाठी नाही, तो तीन ओळींत झालेला असतो. कॅमेरा नको, फोनवर चालता चालता बोललात तरी उत्तम. "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो, ठीक" हेच असतं. असं विचारा: गेल्या पंधरवड्यात कोणतं काम वाया गेलं असं वाटलं? कुणाच्या उत्तरासाठी अडकून पडलात? तुम्ही केलेलं असं काय आहे जे कुणाच्या लक्षात आलं नाही? आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. फोनवर दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण खरं उत्तर बहुधा तिच्यानंतरच येतं.

या भेटी दोन कारणांनी फसतात. डिलिव्हरीच्या आठवड्यात आधी याच रद्द होतात, त्यातून लोक काय समजायचं ते समजतात. रद्द करू नका, १५ मिनिटांची करा. दुसरं, ऐकून घेतलं जातं आणि पुढे काहीच हलत नाही. प्रत्येक भेटीतून एक तरी छोटी गोष्ट पंधरा दिवसांत करून दाखवा. पगार आणि बढती तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि उत्तर कोण, कोणत्या तारखेपर्यंत देईल तेही सांगा. खासगीत ऐकलेलं नावानिशी वर गेलं असं एकदा जरी झालं, तरी पुढची दोन वर्षं तुम्हाला "ठीक" हेच ऐकायला मिळेल.

साधनांबद्दल नक्की विचारा, कारण ती तक्रार माणसं लाजेने करत नाहीत. दुपारी वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि बाकी टीमला वाटतं हा कॉलमधून पळाला. १२ व्होल्टच्या राउटरला चालणारा छोटा यूपीएस हजार-दोन हजारांत मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावे लागतात. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटचा लागतो. भागातलं नेटच गेलं तर यूपीएस काही कामाचा नाही, मग दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हवं. तारेचा माइक असलेला हेडसेट सगळ्यांना द्या. पंख्याचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज कमी जातो आणि वर सांगितलेला विलंबही थोडा घटतो. शुक्रवारच्या खेळांसाठी जे बजेट आहे ते आधी इथे खर्च झालं तर टीम जास्त खूश होईल, हे मॅनेजरना जरूर सांगा. खेळ ठेवायचेच तर महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत आणि ऐच्छिक. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सक्तीची मजा ही मजा नसते. दुसऱ्या सिंक कॉलबद्दल वेगळं काही सांगायला नको, पाच ओळींची नोंद आली की त्याचं कारणच उरत नाही.

राहिला सगळ्यांना पुण्यात बोलावण्याचा प्रश्न. शांघायमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्यांना नऊ महिने घरून काम देऊन पाहिलं होतं, ते संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. पण कामगिरी सारखी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली, आणि प्रयोगानंतर जवळजवळ निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. त्याच कंपनीत नंतर १,६१२ जणांवर आठवड्यातले दोन दिवस घरून अशी पद्धत तपासली गेली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. मॅनेजर हा दुसरा दाखला देतील. त्यांना आठवण करून द्या की ती माणसं ऑफिसच्या शहरातच राहत होती. नांदेडहून आठवड्यातले तीन दिवस पुण्याला येता येत नाही. तो बदल कामाच्या पद्धतीचा नाही, घर हलवण्याचा आहे. भाडं, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील यांचा हिशेब मांडून काही जण राजीनामाच देतील, आणि बाजारात ज्यांना मागणी आहे ते आधी देतील.

तुम्हाला जपायचं आहे ते बढतीच्या मुद्द्याला. पुण्यातले चौघं तुम्हाला अधूनमधून भेटत असतील तर चहाच्या टपरीवर काहीतरी ठरतंच. ते त्याच दिवशी चॅनेलवर लिहा. एक जण जरी बाहेरगावाहून कॉलवर असेल तर पुण्यातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून, आपापल्या हेडसेटने जोडायचं. एका खोलीत चौघं आणि टेबलाच्या मधोमध एक माइक असला की बाहेरच्यांना फक्त हशा ऐकू येतो, विनोद नाही. प्रत्येकाकडून महिन्याला पाच ओळी घ्या, काय पूर्ण केलं आणि त्याने कुणाचं काय सोपं झालं. अप्रेझलला बसताना आठवणीवर विसंबू नका, आठवणीत जवळचे चेहरे जास्त असतात. आणि वर्षातून दोनदा सगळ्यांना दोन दिवस एकत्र आणा. तारीख सहा आठवडे आधी सांगा, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना सोय लावावी लागते. पहिला दिवस दुपारी सुरू करा, रात्रभर प्रवास करून आलेल्याला सकाळी नऊला स्लाइड दाखवू नका. अर्धा दिवस पुढच्या सहामाहीचं नियोजन, उरलेला वेळ जेवणं आणि भटकणं. एकदा सोबत जेवलेल्या माणसाला चॅनेलवर प्रश्न विचारणं सोपं जातं.

मॅनेजरना थेट नकार देऊ नका, सहा आठवड्यांची मुदत मागा. मोजायला चार गोष्टी पुरेत: 'अडलंय' या ओळीला पहिलं उत्तर मिळायला लागलेला वेळ, दर माणशी आठवड्याचे कॉलचे तास, संध्याकाळी साडेसातनंतर किती जण किती वेळा कामावर होते, आणि दर पंधरवड्याला विचारलेला एकच प्रश्न, 'या पंधरवड्यात माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते स्पष्ट होतं का.' सगळं एकदम सुरू करू नका, टीमला तो आणखी एक हुकूम वाटेल. पहिल्या आठवड्यात फक्त क्लायंट कॉलची नोंद आणि संध्याकाळच्या पाळ्या. तिसऱ्या आठवड्यात लेखी स्टँडअप. वेगळ्या भेटी त्याच्याबरोबर सुरू होतील, कारण वेळ तिथूनच सुटणार आहे.

नांदेडच्या सहकाऱ्याला थांबवण्याचा प्रयत्न करायचा असेल तर तो पगारवाढीच्या आश्वासनाने करू नका, ते तुमच्या हातात नाही. आपल्याकडे आयटीत नोटीस पीरियड बऱ्याच ठिकाणी ६० ते ९० दिवसांचा असतो आणि त्या काळात माणसाला कुणाची भीड उरत नाही. एचआरच्या एक्झिट फॉर्मची वाट न बघता या आठवड्यातच त्याच्याशी अर्धा तास बोला. "का जातोयस" हे विचारू नका, त्याचं तयार उत्तर त्याच्याकडे आहे. "गेल्या वर्षात तू केलेली कोणती तीन कामं आम्हाला दिसलीच नाहीत?" असं विचारा. तो सांगेल ते लिहून घ्या, त्याच्या परवानगीने त्याच्या नावानिशी चॅनेलवर टाका, आणि हँडओव्हरच्या वेळी क्लायंटच्या कॉलवर ते काम त्यालाच मांडू द्या.